काटकसर, कौशल्य आणि बदलते तंत्रज्ञान : गढ्याचे तलाव आणि तारयंत्र यांपासून एक पाठ

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता याव्यात :

• साठा आणि प्रवाह यांतील फरक स्वतःच्या मासिक हिशेबाला लावणे.
• खर्च थोडा कमी केल्याने बचतीचा काळ किती कमी होतो हे गणिताने दाखवणे.
• एखादे नवे तंत्रज्ञान शिकण्यासारखे आहे की नाही हे तीन प्रश्नांनी तपासणे.
• मोबाइल, लॅपटॉप, सॉफ्टवेअर अशी साधने कधी घ्यावीत आणि कधी थांबावे हे ठरवणे.
• पहिल्या नोकरीत कामाची पद्धत बदलली तर काय करावे याचा आराखडा तयार करणे.

१. प्रस्तावना

पदवीच्या शेवटच्या वर्षात तुम्हाला दोन सल्ले सारखे ऐकू येतात. वर्गात सांगतात, "नवे तंत्रज्ञान शिका, नाहीतर मागे पडाल." घरी सांगतात, "पैसे जपून वापर." ऐकताना हे दोन सल्ले एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. नवे शिकायचे म्हटले की नवा लॅपटॉप आला, शिकवणीची फी आली, वेगवान इंटरनेट आले. मग जपून कसे वापरायचे?

या पाठाचे म्हणणे असे की हे दोन्ही सल्ले मुळात एकच आहेत. नवे कौशल्य शिकायला पैशापेक्षा वेळ जास्त लागतो. नोकरी करणाऱ्या माणसाला असा मोकळा वेळ बहुधा साठवलेल्या पैशातूनच मिळतो. हाताशी सहा महिन्यांचा खर्च असेल, तर तुम्ही रात्रपाळी नाकारून संध्याकाळचा वर्ग करू शकता, नको ती नोकरी सोडू शकता, किंवा नोकरी गेल्यावर समोर येईल ते काम घाईने न पत्करता थोडे थांबू शकता. काटकसरीचा खरा उपयोग हा आहे.

हे समजून घेण्यासाठी आपण जबलपूर शहरातील दोन गोष्टी पाहू. पहिली आहे शहराच्या गढा या जुन्या भागातील तलाव. त्यांतून बचतीचे तत्त्व कळते. दुसरी आहे त्याच शहरात १९४२ पासून चालत आलेले दूरसंचार प्रशिक्षण केंद्र. त्यातून कामाचे तंत्र बदलते तेव्हा काय होते ते कळते.

२. गढ्याचे तलाव : साठा आणि प्रवाह

गढा आज जबलपूर महानगरात मिसळून गेले आहे, पण ते जबलपूरपेक्षा जुने राजधानीचे ठिकाण. गोंड राजांच्या गढा राज्याचे नाव याच गावावरून पडले. संग्रामशाह, त्याचा मुलगा दलपतशाह आणि दलपतशाहाची पत्नी राणी दुर्गावती ही या घराण्यातील प्रसिद्ध नावे. राणी दुर्गावती १५६४ मध्ये मोगल फौजेशी लढताना मरण पावली. गढ्याजवळच्या टेकडीवर मदनमहाल ही छोटी गढी आजही उभी आहे.

या परिसरात तलाव पुष्कळ. संग्राम सागर, देवताल, राणीताल, आधारताल, चेरीताल ही नावे जबलपूरकरांच्या रोजच्या बोलण्यात आहेत. "बावन्न ताल, चौऱ्याऐंशी तलैया" असे तिथे म्हणतात. तलैया म्हणजे लहान तळे. यातली काही तळी उरली आहेत, तर काहींचे आता फक्त वस्तीला दिलेले नाव उरले आहे.

एवढे तलाव कशासाठी बांधले? जबलपूरला वर्षाला सरासरी सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. हा पाऊस कमी नाही. पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. तहान मात्र बारा महिने लागते. शिवाय मदनमहालच्या टेकड्या ग्रॅनाइटच्या आहेत. कठीण खडकात पाणी लवकर मुरत नाही, ते उतारावरून वाहून जाते. म्हणून उताराच्या तोंडाशी पाळ घालून पाणी अडवायचे, वरच्या तळ्यात मावले नाही ते खालच्या तळ्यात घ्यायचे, आणि आजूबाजूच्या विहिरींनाही त्याचा आधार मिळू द्यायचा.

अर्थशास्त्राच्या भाषेत पाऊस हा प्रवाह आहे आणि तलावातले पाणी हा साठा. प्रवाह ठरावीक काळात मोजतात : महिन्याला इतके रुपये, वर्षाला इतके मिलिमीटर. साठा ठरावीक क्षणी मोजतात : आज खात्यात इतके रुपये, आज तलावात इतके पाणी. पगार हा प्रवाह आहे, बचत हा साठा आहे. "माझा पगार चांगला आहे" आणि "माझी परिस्थिती चांगली आहे" ही दोन वाक्ये म्हणूनच वेगळी आहेत. मोठ्या पगाराचा माणूसही साठ्याशिवाय दोन महिन्यांत अडचणीत येऊ शकतो. भरपूर पावसाच्या गावातही उन्हाळ्यात टँकर येतो, तसेच हे.

तलावाचे तीन भाग लक्षात ठेवा. तिन्ही तुमच्या हिशेबाला लागू पडतात.

पाळ : पाणी अडवणारा बांध. तुमच्या हिशेबात पाळ म्हणजे पगार येताच बाजूला निघणारी ठरावीक रक्कम. महिनाअखेरीस उरेल ते साठवू म्हणणारा माणूस पाळीशिवाय तलाव भरू पाहतो. बँकेत आवर्ती ठेव उघडून पगाराच्या दुसऱ्याच दिवशी हप्ता कापला जाईल अशी व्यवस्था केली की रोज मनाशी झगडावे लागत नाही.

सांडवा : जादा पाणी सुरक्षितपणे बाहेर जाण्याची वाट. सांडवा नसला तर पाळ फुटते. खर्चाचेही असेच आहे. चहा, सिनेमा, मित्रांबरोबरचे जेवण यांना अजिबात जागा न ठेवणारा हिशेब दोन-तीन महिन्यांत मोडतो. मौजेसाठी छोटी रक्कम आधीच ठरवून ठेवा आणि ती खर्च करताना मनाला लावून घेऊ नका.

गाळ : पाण्याबरोबर येणारी माती तळाशी साचते. तलाव वरून भरलेला दिसतो, पण त्यात पाणी कमी मावते. दरमहा आपोआप कापले जाणारे छोटे शुल्क हा तुमचा गाळ. न पाहिलेले चित्रपटांचे ॲप, न वापरलेली क्लाउडची जागा, कधीतरी घेतलेली आणि विसरलेली व्यायामशाळा. एकेक रक्कम लहान असल्याने लक्षात येत नाही. वर्षातून एकदा बँकेचे बारा महिन्यांचे विवरण काढून गाळ उपसा.

तलावांबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. शहराला नळाचे पाणी मिळाले, पुढे नर्मदेचे पाणी आले, आणि तलावांकडे दुर्लक्ष झाले. गाळ निघेनासा झाला, काठ बुजले, काही तळ्यांवर घरे उभी राहिली. नळ वाईट नव्हता. पण नवी सोय आली म्हणून जुना साठा बुजवून टाकला, तर नव्या सोयीत खंड पडेल त्या दिवशी हाती काही राहत नाही. हा मुद्दा पुढे कौशल्यांच्या संदर्भात पुन्हा येईल.

३. काटकसरीचे गणित

समजा, तुम्हाला पहिल्या नोकरीत महिना १८,००० रुपये मिळतात आणि खर्च १५,००० रुपये आहे. बचत ३,००० रुपये. सहा महिन्यांच्या खर्चाइतका साठा करायचा, म्हणजे ९०,००० रुपये. ९०,००० भागिले ३,००० म्हणजे ३० महिने.

आता खर्च दहा टक्क्यांनी कमी करा. खर्च १३,५००, बचत ४,५००. सहा महिन्यांचा साठा ८१,००० रुपये. ८१,००० भागिले ४,५०० म्हणजे १८ महिने.

खर्च दहाच टक्के कमी झाला, पण काळ ३० महिन्यांवरून १८ वर आला, म्हणजे चाळीस टक्क्यांनी कमी झाला. असे का झाले? खर्च कमी झाल्याने दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या : तलावात येणारे पाणी वाढले आणि तलाव किती भरायचा ती खूणही खाली आली. पगारवाढीने यातली पहिलीच गोष्ट होते. १,५०० रुपयांची पगारवाढ मिळून खर्च १५,००० च राहिला, तर काळ २० महिने येतो. तेवढ्याच रकमेची काटकसर १८ महिन्यांत काम करते.

या गणिताची उलट बाजू म्हणजे कर्ज. क्रेडिट कार्डावर थकबाकी ठेवल्यास महिना ३.५ टक्के व्याज लागते असे धरा. ते वर्षाला ४२ टक्के होते, आणि चक्रवाढीने ५१ टक्क्यांच्या आसपास जाते. इतका परतावा देणारी सुरक्षित गुंतवणूक नाही. म्हणून कार्डाची थकबाकी फेडणे ही तुमची पहिली बचत. "शून्य टक्के व्याजाचा हप्ता" या जाहिरातीबद्दलही सावध राहा. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट मुळात अस्तित्वात नाही. व्याज प्रक्रिया शुल्कात असते, किंवा रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला मिळत नाही.

४. तारयंत्राचा धडा

आता दुसरी गोष्ट. भारतात तारेची पहिली प्रायोगिक लाइन १८५० मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी टाकली गेली. पुढील काही वर्षांत सेवा जनतेला खुली झाली आणि शंभर वर्षांहून अधिक काळ तार हे तातडीच्या बातमीचे साधन राहिले. जन्म, मृत्यू, नेमणूक, बदली हे सगळे तारेने कळे. घरी तार आली की वाचण्याआधीच घरातल्यांचा चेहरा उतरायचा, हे तुमच्या आजीआजोबांना विचारून पाहा.

तार पाठवणाऱ्याला शब्दांच्या हिशेबाने पैसे द्यावे लागत. त्यामुळे लोक काटकसरीने लिहायला शिकले. "बाबा गंभीर. ताबडतोब निघ." एवढ्यात सगळे आले. सणासमारंभाच्या ठरावीक शुभेच्छांना तर क्रमांकच दिलेले असत. पाठवणारा क्रमांक लिही आणि पलीकडे पूर्ण वाक्य छापून मिळे. कमी शब्दांत चूक न करता लिहिणे ही त्या तंत्रज्ञानाने लावलेली सवय.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, जबलपूरला दूरसंचार प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. आज ते भारत संचार निगमाच्या अखत्यारीत असून भारतरत्न भीमराव आंबेडकर इन्स्टिट्यूट ऑफ टेलिकॉम ट्रेनिंग या नावाने चालते. या एका संस्थेच्या आयुष्यात काय काय बदलले ते पाहा. मोर्सची कळ गेली, टेलिप्रिंटर आला. हाताने जोडणी करणाऱ्या एक्स्चेंजच्या जागी स्वयंचलित एक्स्चेंज आले. १९८४ मध्ये सी-डॉट स्थापन झाल्यावर देशी बनावटीची इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज खेड्यापाड्यांत पोहोचली. त्यानंतर प्रकाशतंतू, मोबाइल आणि डेटा नेटवर्क. शिकवण्याचा विषय इतक्या वेळा बदलला, तरी शिकवण्याचे काम चालूच राहिले.

तारेचे मात्र दिवस संपत आले होते. २०११ मध्ये तारेचा दर वाढून २७ रुपये झाला. त्याच वेळी लोकांच्या खिशातला मोबाइल काही पैशांत संदेश पाठवत होता. १४ जुलै २०१३ हा तार स्वीकारण्याचा शेवटचा दिवस ठरला. तारविभागात काम करणाऱ्यांना निगमाने मोबाइल, लँडलाइन, ब्रॉडबँड अशा दुसऱ्या कामांत सामावून घेतले.

इथे थांबून विचार करा. तारविभागातील कर्मचाऱ्याचे काम गेले, पण नोकरी राहिली. नवे काम शिकण्यासाठी लागणारा वेळ, पगार आणि प्रशिक्षण केंद्र या तिन्ही गोष्टी त्याच्या संस्थेने पुरवल्या. म्हणजे त्याच्यासाठी तलाव संस्थेने बांधला होता. पण हाही तलाव कायमचा नव्हता. २०१९ मध्ये निगमाने ५० वर्षे वा अधिक वयाच्या कर्मचाऱ्यांसाठी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली आणि सुमारे ७८ हजार कर्मचारी त्यातून बाहेर पडले.

तुमच्यापैकी बहुतेकांची पहिली नोकरी कंत्राटी असेल. कामाचे तंत्र बदलले तर संस्था तुम्हाला शिकवेल याची खात्री नाही. तार खात्यात जे काम संस्था करत होती, ते तुम्हाला स्वतःसाठी करायचे आहे : साठ्याचा बंदोबस्त करायचा आणि शिकायचेही. यात अन्याय आहे, आणि तो मान्य करूनच पुढे जायला हवे.

५. नवे तंत्रज्ञान पारखण्याचे तीन प्रश्न

दर वर्षी कोणते तरी नवे तंत्रज्ञान "सगळे बदलून टाकणार" म्हणून येते. अमेरिकी भविष्य-अभ्यासक रॉय अमारा यांच्या नावाने ओळखले जाणारे एक निरीक्षण आहे : तंत्रज्ञानाचा परिणाम आपण थोड्या काळासाठी जास्त धरतो आणि लांबच्या काळासाठी कमी धरतो. म्हणून सुरुवातीच्या गलक्याने घाबरू नका आणि गलका ओसरला म्हणून निर्धास्तही राहू नका. पुढील तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : यामुळे नेमके काय स्वस्त झाले? मोबाइलने संदेश पाठवणे स्वस्त केले. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयने छोटी रक्कम देणेघेणे स्वस्त केले. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसमोर आले आणि मजकुराचा पहिला मसुदा तयार करणे स्वस्त झाले. उत्तर एका वाक्यात देता येत नसेल, तर ते तंत्रज्ञान अजून जाहिरातीच्याच टप्प्यात आहे असे समजायला हरकत नाही.

दुसरा प्रश्न : माझ्या कामातला कोणता भाग यात जातो? नोकरी ही अनेक कामांची मोळी असते. ऑटर, लेव्ही आणि मर्नेन या अर्थशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये हा विचार नीट मांडला : ठरलेल्या नियमांनी होणारी कामे संगणक लवकर घेतो, आणि परिस्थिती पाहून निर्णय घेण्याची, माणसांशी बोलण्याची कामे माणसाकडे राहतात. अलीकडच्या भाषिक प्रारूपांमुळे ही रेषा सरकली आहे, पण पद्धत अजून उपयोगी आहे. आपल्या आठवड्यातली कामे कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे "जाईल", "बदलेल", "राहील" असे लिहा.

तिसरा प्रश्न : एक गोष्ट स्वस्त झाल्यावर कोणती महाग झाली? हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. मसुदा स्वस्त झाला की मसुदा तपासणारा माणूस महाग होतो. यंत्राने दिलेल्या परिच्छेदात कायद्याचे कलम चुकले आहे, औषधाची मात्रा चुकली आहे, किंवा न लिहिलेल्या पुस्तकाचे नाव दिले आहे, हे ज्याला विषय येतो त्यालाच दिसते. म्हणून मूळ विषयाचा अभ्यास सोडून फक्त साधन चालवायला शिकणे म्हणजे नळ आला म्हणून तलाव बुजवणे.

आता एक उदाहरण घेऊ. मध्य प्रदेशात शासकीय कार्यालयांतील संगणकावर काम करण्याच्या पदांसाठी सीपीसीटी ही परीक्षा आहे. तीत संगणकाच्या ज्ञानाबरोबर इंग्रजी आणि हिंदी टंकलेखन तपासतात. कार्यालयांतील बऱ्याच जुन्या फायली कृतिदेवसारख्या फाँटमध्ये आहेत. महाराष्ट्रात तशाच फायली श्रीलिपीत सापडतात. अशी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली आणि तो फाँट नसला, तर अक्षरांचा खिचडा दिसतो. शोधही घेता येत नाही. युनिकोडने ही अडचण दूर केली. युनिकोडमध्ये लिहिण्यासाठी इन्स्क्रिप्ट हा भारतीय प्रमाण कळफलक आहे. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतांश उजव्या हाताला असतात, आणि भारतीय लिप्यांसाठी मांडणी सारखीच असते. घरी मराठी आणि कामावर हिंदी वापरणाऱ्या जबलपूरच्या विद्यार्थ्याला एकदाच शिकून दोन्ही भाषा लिहिता येतात. तीन प्रश्न लावून पाहा : देवाणघेवाण आणि शोध स्वस्त झाले, पुन्हा टंकन करण्याचे काम गेले, आणि जुन्या फायली युनिकोडमध्ये आणून त्यातल्या चुका तपासणारा माणूस महाग झाला. या कौशल्याला कसलीही फी लागत नाही. रोज अर्धा तास आणि काही आठवड्यांची चिकाटी पुरते.

६. आधी शिका, मग विकत घ्या

एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ च्या आपल्या पुस्तकात नवी गोष्ट स्वीकारणाऱ्यांचे पाच गट केले : नवप्रवर्तक २.५ टक्के, लवकर स्वीकारणारे १३.५ टक्के, आधीचे बहुसंख्य ३४ टक्के, नंतरचे बहुसंख्य ३४ टक्के आणि शेवटचे १६ टक्के. विद्यार्थ्यांना वाटते की पुढे राहायचे तर पहिल्या गटात असायला हवे. इथे शिकणे आणि विकत घेणे या दोन गोष्टी वेगळ्या करा. शिकण्यात लवकरच्या गटात राहा, विकत घेण्यात बहुसंख्यांबरोबर राहा. शिकण्याचे साहित्य आज मोठ्या प्रमाणात मोफत आहे. एनपीटीईएलची व्याख्याने २००३ पासून तयार होत आहेत, स्वयम् हे व्यासपीठ २०१७ पासून आहे. वस्तू मात्र थांबणाऱ्याला बहुधा स्वस्त आणि चांगली मिळते.

वस्तूची किंमत न पाहता तिचा दरमहा खर्च काढा. १२,००० रुपयांचा फोन दोन वर्षांत बदलला, तर महिना ५०० रुपये पडले. त्याच फोनला १,५०० रुपयांची नवी बॅटरी टाकून तो चार वर्षे चालवला, तर १३,५०० भागिले ४८ म्हणजे सुमारे २८१ रुपये. एक मर्यादा मात्र पाळा : ज्या फोनला सुरक्षा अपडेट येणे थांबले, त्यावर बँकेचे व्यवहार करू नका. तिथे वाचवलेले पैसे एका फसवणुकीत जातील.

लॅपटॉपचेही तसेच. विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून अनेक चांगली यंत्रे टाकून दिली जात आहेत. अशा यंत्राला एसएसडी आणि थोडी रॅम बसवून त्यावर लिनक्स टाकले, तर लेखन, तक्ते, प्रोग्रॅमिंग आणि व्याख्याने पाहणे यांसाठी ते पुष्कळ वर्षे चालते. लिबरऑफिस मोफत आहे आणि मराठीतही वापरता येते. विकत घेण्याआधी एवढेच विचारा : हे नसल्यामुळे गेल्या महिन्यात माझे कोणते काम अडले? उत्तर सुचत नसेल तर थांबा.

काही ठिकाणी मात्र पैसे वाचवू नका. महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत, डोळ्यांची तपासणी, बसायची खुर्ची, आरोग्य विमा. काटकसर आणि चिक्कूपणा यांत फरक आहे. काटकसर उद्याचा खर्च टाळते, चिक्कूपणा तो उद्यावर ढकलतो.

७. कामाच्या जागी बदल

समजा, तुम्ही गढ्यातल्या एखाद्या दवाखान्यात नोंदणीचे काम करता. आजवर नोंदी वहीत होत होत्या, आता संगणक आला आहे. पुढील क्रम उपयोगी पडेल.

एक : जुनी पद्धत आधी समजून घ्या. वहीच्या समासात लाल शाईने खूण का करतात हे विचारा. कदाचित पैसे नसलेल्या रुग्णाची ती खूण असेल आणि नव्या प्रणालीत तिला जागाच नसेल. अशी उणीव दाखवणारा माणूस संस्थेला हवा असतो.

दोन : काही दिवस दोन्ही पद्धती बरोबरीने चालवा. संगणकतज्ज्ञ याला समांतर चालवणे म्हणतात. दोन्हींचे आकडे जुळू लागले की वही बंद करा.

तीन : काम कसे होते ते पायरीपायरीने लिहून ठेवा. ही टिपणे तुमच्या रजेत सहकाऱ्याला आणि पुढच्या नोकरीत तुम्हाला उपयोगी पडतात.

चार : ज्येष्ठ सहकाऱ्याला शिकवा आणि त्यांच्याकडून शिका. काकांना माउस धरता येत नाही म्हणून हसू नका. कोणत्या रुग्णाशी कसे बोलायचे हे त्यांना तीस वर्षांच्या अनुभवाने कळते, आणि तो भाग कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये नाही.

पाच : रुग्णाचे नाव, आजार किंवा कार्यालयाची कागदपत्रे बाहेरच्या एआय साधनात टाकू नका. काम लवकर व्हावे म्हणून दुसऱ्याची गुप्त माहिती देण्याचा अधिकार तुम्हाला नाही.

सहा : आठवड्यातले पाच तास शिकण्यासाठी राखा. वर्षात सुट्ट्या वगळून पन्नास आठवडे धरले तर अडीचशे तास होतात. एखाद्या विषयात कामापुरते हुशार व्हायला इतके तास पुष्कळ आहेत.

८. या विचाराच्या मर्यादा

काटकसर हा कमी पगारावरचा उपाय नाही. महिना ९,००० रुपयांत भाडे, जेवण आणि प्रवास भागवणाऱ्याला "आणखी वाचव" म्हणणे म्हणजे दुष्काळी गावाला "पाळ उंच कर" म्हणणे. पाऊसच नसेल तर पाळ काय अडवणार? तिथे योग्य वेतन, कामाचा लेखी करार आणि भविष्य निर्वाह निधी यांची मागणी करणे हाच मार्ग. आपले हक्क माहीत असणे हेही कौशल्यच आहे.

दुसरी मर्यादा घरची. पहिल्या पगारातून बहिणीची फी किंवा वडिलांचे औषध जाते, असे अनेकांचे असते. या रकमेला उधळपट्टी समजू नका आणि लपवूही नका. ती खर्चाच्या यादीत पहिल्या ओळीत लिहा, आणि उरलेल्यावर गणित मांडा. साठा व्हायला तीसऐवजी पन्नास महिने लागतील. तरी तो होईल.

सारांश

पगार हा प्रवाह आणि बचत हा साठा आहे. खर्चातील थोडी कपातही साठा होण्याचा काळ बराच कमी करते. नवे तंत्रज्ञान काय स्वस्त करते, कोणते काम घेते आणि कशाला महाग करते हे विचारले की ते शिकावे की नाही हे ठरवता येते. शिकण्यात पुढे आणि खरेदीत मागे राहावे. तार बंद झाली तेव्हा नव्या कामासाठी वेळ आणि पगार संस्थेने दिला. आज तो वेळ स्वतःच्या साठ्यातून काढायची तयारी ठेवावी लागते. नवे आले म्हणून मूळ ज्ञान बुजवू नये.

स्वाध्याय

१. साठा आणि प्रवाह यांतील फरक तुमच्या गावातील पाणीपुरवठ्याच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. मासिक उत्पन्न २०,००० रुपये आणि खर्च १६,००० रुपये असताना सहा महिन्यांच्या खर्चाचा साठा किती महिन्यांत होईल? खर्च १५,००० झाला तर किती?
३. तुमच्या घरातील किंवा शेजारची अशी एक व्यक्ती शोधा जिच्या कामाचे तंत्र नोकरीच्या काळात बदलले. त्या वेळी शिकण्यासाठी वेळ आणि पैसा कोणी पुरवला हे विचारून एक पानभर टिपण लिहा.
४. तुमच्या बँक खात्याच्या मागील तीन महिन्यांच्या विवरणात "गाळ" शोधा आणि त्याची वार्षिक बेरीज काढा.
५. तुम्ही वापरत असलेले एक एआय साधन घ्या. त्याला तुमच्या विषयातील पाच प्रश्न विचारा, उत्तरे पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहा, आणि चुका पकडण्यासाठी तुम्हाला कोणते पूर्वज्ञान लागले ते लिहा.